नोकरी सांभाळून चित्रांच्या ऑर्डरी घ्याव्यात का?

कोरा कॅनव्हास :
नमस्कार मंडळी. राहायला छत्रपती संभाजीनगरला, माहेर जालना. वाळूजच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सकाळी सव्वासातला कंपनीची बस, घरी यायला संध्याकाळचे सात. शाळेत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली होती, पण घरची परिस्थिती बघून बी.कॉम. केलं. त्याचं वाईट वाटत नाही, त्याच पगारावर आज घर उभं आहे. चित्रं मात्र सुटली नाहीत. रात्री जेवणं आटोपल्यावर आणि रविवारी सकाळी काढते. आजवरची सगळी भाचरांना, मैत्रिणींना देऊन टाकली.

आता दोन गोष्टी एकदम समोर आल्यात. जालन्यात एक डॉक्टर नवीन हॉस्पिटल बांधतायत. त्यांना वेटिंग हॉलसाठी तीन कॅनव्हास हवेत, प्रत्येकी दोन बाय तीन फूट. वेरूळचं कैलास, पैठणचा गोदाकाठ आणि बोंडं फुटलेलं कापसाचं रान. उद्घाटन दसऱ्याला. "तुमचा रेट सांगा" म्हणाले आणि माझ्या तोंडून आकडाच निघेना. दुसरीकडं ऑफिसातले चार-पाच जण मागं लागलेत, आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला पोर्ट्रेट काढून दे, पैसे देतो.

पैसे नकोत असं नाही. मुलीची फी आहे, घराचा हप्ता आहे. पण दिवसभर दुसऱ्याचं काम करायचं आणि रात्रीही दुसऱ्याच्याच मनासारखं चित्र काढायचं, तर माझं असं काय उरणार, ही धास्ती आहे. शिवाय कंपनीला चालतं का, रेट कसा काढतात, टॅक्सचं काय... ज्यांनी हे केलंय त्यांचं ऐकायचंय, आणि ज्यांनी विचार करून नाही म्हटलंय त्यांचंही.

दुधनाकाठ :
डॉक्टरांचं काम डोळे झाकून घ्या. अर्धे पैसे हातात आल्याशिवाय कॅनव्हास ताणू नका. ऑफिसातल्यांचं मागाहून बघा.

बोर्डवाला पेंटर :
ताई, मी परभणीकडचा. दुकानांचे बोर्ड, ट्रकचे नंबर, भिंतीवरच्या जाहिराती रंगवून संसार केला. खडूच्या दोरीनं रेघ मारायची, इनॅमलमधी ब्रश बुडवून एका दमात वेलांटी उतरवायची, हात थरथरला तर अक्षर गेलं. फ्लेक्स आला आन् ते काम बसलं. आता शाळांच्या बोलक्या भिंती, जयंतीच्या आधी महापुरुषांचे मोठे पोर्ट्रेट आन् वर्षश्राद्धाला लागतं ते फोटोवरून काढलेलं चित्र, ह्यावर चाललंय.

तुम्हाला एकच सांगायचंय. नोकरीवाले लोक "हौस हाय, रंगाचे तेवढे द्या" म्हणून पाचशेत पोर्ट्रेट देऊ लागलेत. मग गिऱ्हाईक मोबाईल काढून मलाच तो रेट दाखवायलंय. तुमच्यावर राग नाही. ऑर्डर घ्या, बिनधास्त घ्या. पण गावात ज्याचं पोट त्याच कामावर हाय त्याच्यापेक्षा खाली उतरू नका. तुमचा पगार एक तारखेला येतो. माझी एक तारीख गिऱ्हाईकाच्या हातात हाय.

कोरा कॅनव्हास :
दादा, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. मग आकडा काढायचा कसा, तेही सांगा.

बोर्डवाला पेंटर :
भिंतीचा स्क्वेअर फुटावर असतो, पोर्ट्रेटचा तोंडांवर. दोन तोंडं म्हणजे दुप्पट न्हाई, पण दीडपटीच्या वर. कॅनव्हासचं मला तितकं माहीत न्हाई. संभाजीनगरात शासकीय कला महाविद्यालय हाय, तिथून शिकून निघालेली पोरं कॅनव्हास करतात. दोघातिघांना विचारा आन् त्यांच्या आसपास राहा.

रंगपेटी :
मी लातूरला, शिकवणीत नोकरी, बाकी वेळ कॅनव्हास. आम्ही बरेच जण चौरस इंचावर धरतो. दोन बाय तीन फूट म्हणजे २४ गुणिले ३६, ८६४ चौरस इंच. मी बारा रुपये लावतो, म्हणजे १०,३६८. फ्रेम आणि गाडीभाडं वेगळं. हा आकडा मग तासांवर उलटा तपासून बघायचा. सामान दोन हजारांचं आणि काम तीस तासांचं धरलं तर तासाला साधारण २८० पडतात. तुम्ही अकाउंट्समधल्या, पगाराला महिन्याच्या तासांनी भागून बघा. चित्राचा तास त्याच्या खाली गेला तर ते काम ओव्हरटाइमपेक्षाही स्वस्त पडलं, आणि ओव्हरटाइमनं डोळे तरी एवढे दुखत नाहीत.

छोट्या पोर्ट्रेटला मात्र हे गणित लावू नका. ए-फोर कागद जेमतेम ९७ चौरस इंचांचा. त्याच बारानं साडेअकराशेच्या आसपास होतात, आणि दोन चेहरे नीट उतरवायला दहा-बारा तास सहज जातात. लहान आकारात मेहनत कमी होत नाही. उलट डोळा तांदळाएवढा झाला की एका फटक्यात माणूस बदलतो. पोर्ट्रेटला चेहऱ्यामागे किमान रक्कम ठरवून टाका आणि त्याखाली हलू नका.

माजलगावची सून :
ताई, मी तुमच्यासारखीच. शाळेत क्लार्क, घरात सहा माणसं. रेटच्या आधी वेळेचा हिशोब करा. तीन चित्रांचे तीस-तीस तास म्हणजे नव्वद. तुमचे आठवड्याचे खरे तास किती? रविवारचे चार, रात्रीचे फार तर पाच. नऊ धरले तरी दहा आठवडे झाले. मध्ये पोळा, गणपती, महालक्ष्म्या. महालक्ष्म्यांच्या त्या तीन दिवसांत, आधीच्या फराळाच्या आठवड्यात आणि नंतरच्या आवराआवरीत कुणाचा ब्रश चालल्याचं मी तरी पाहिलं नाही. त्यात घटस्थापनेच्या आधी घर धुवायचं. दसऱ्याच्या आत तीन चित्रं हवीत तर जूनअखेर हात लागलाच पाहिजे, आणि त्यात ऑफिसातली चार पोर्ट्रेटं बसतच नाहीत. दोन्ही घेऊ म्हणाल तर झोपेतून काढावे लागतील ते तास.

दुसरं, रात्री काम करणार असाल तर दिवा बदला. पिवळ्या बल्बखाली कालवलेला पांढरा सकाळी निळसर निघतो, आणि गोदावरीचं पाणी तर सगळं त्या फरकावरच उभं असतं. ६५०० केल्विनची पांढऱ्या उजेडाची ट्यूब घ्या, रंग खरे दाखवण्याचा आकडा खोक्यावर ९०च्या वर लिहिलेला बघून घ्या. तरीही आकाश आणि पाणी रविवारच्या उजेडासाठी राखून ठेवा. रात्री दगड, झाडं, बारीक काम करा.

आणि घरच्यांना आधी सांगा. "आई चित्र काढतेय" आणि "आई कामात आहे" या दोन्हींना घर वेगळं वागतं. पैसे घेतलेलं काम आहे म्हटल्यावर माझ्या सासूबाई स्वतः दार ओढून घेतात. याचं मला बरंही वाटतं आणि थोडं दुखतंही, कारण बिनपैशाच्या चित्राला कुणी दार ओढून दिलं नव्हतं.

अंबाजोगाईकर :
नाही म्हणणाऱ्यांचंही ऐकायचंय म्हणालात म्हणून लिहितो. मी ऑर्डर घेत नाही. जलरंगात काढतो, लोक विचारतात, मी नम्रपणे नको म्हणतो. रविवारी सकाळी मुकुंदराजाच्या दरीकडं कागद घेऊन बसतो तेव्हा त्या तासावर कुणाचा हक्क नसतो. चित्र बिघडलं तर कागद उलटा करून दुसरं सुरू करतो. पैसे घेतलेल्या चित्राला बिघडायची मुभा नसते, आणि बिघडायची मुभा गेली की हात जुन्याच जमलेल्या युक्त्यांकडं वळतो. शिकणं तिथंच थांबतं.

तुमच्यावर हप्ता आहे, माझ्यावर नाही, हा फरक मला कळतो. म्हणून घेऊ नका असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट बघा. बोर्डवाल्या दादांना आलेलं काम परवडो न परवडो घ्यावंच लागतं. तुम्हाला नाही. नोकरीनं तुम्हाला पगारापेक्षा मोठी एक गोष्ट दिली आहे, ती म्हणजे नको म्हणण्याची ताकद. आलेल्या प्रत्येकाला हो म्हणत सुटलात तर ती ताकद फुकट घालवलीत. ऑर्डर निवडताना एवढंच विचारा : कुणी पैसे दिले नसते तरी हे चित्र मी काढलं असतं का?

सोळा नंबर :
अंबाजोगाईकर, आदर ठेवून थोडा वेगळा मुद्दा. माझं गाव अजिंठ्यापासून जवळ. तिथलं सोळा नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं दान दिलं, तसा शिलालेखच तिथं कोरलेला आहे. म्हणजे विषय, जागा आणि पैसा, सगळं दुसऱ्याचं. तरी त्या भिंतींवर हात मोकळाच फिरलाय. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलं म्हणून चित्र मरत नाही. खटकतं ते निराळंच : दान देणाऱ्याचं नाव दगडात राहिलं आणि रंगवणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. ताई, डॉक्टरांच्या तिन्ही कॅनव्हासवर सही करा, आणि शेजारी नावाची छोटी पट्टी लावायची हे आधीच ठरवून घ्या.

कोरा कॅनव्हास :
अंबाजोगाईकर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी वहीत लिहून बघितलं. कापसाचं रान मी काढलंच असतं. पहिली वेचणी आली की शेतात जो पांढरा दिसतो तो शुद्ध पांढरा नसतोच, सकाळी त्यात माती उतरते आणि दुपारी आभाळ. तो पांढरा कधीपासून डोक्यात आहे. पैठणही काढलं असतं. कैलासाबद्दल खात्री नाही, डॉक्टरांनी इंटरनेटवरचा एक फोटो पाठवून "हुबेहूब असंच" म्हटलंय. पोर्ट्रेट? नाही. ओळखीच्या माणसाचं काढेन, फोटोवरून अनोळखी जोडप्याचं नाही.

शिसपेन्सिल नांदेड :
पोर्ट्रेटची बाजू मांडायला मी आलो. मी बँकेत आहे आणि फक्त पोर्ट्रेट करतो, तीही बहुतेक गेलेल्या माणसांची. आपल्याकडं जुन्या पिढीचे फोटोच नसतात. घरचे आधार कार्ड घेऊन येतात, नाहीतर लग्नातला ग्रुप फोटो, त्यात आजोबा मागच्या रांगेत, चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा. एका आजोबांच्या फोटोत चष्म्यावर उजेड चमकून डावा डोळा पुरता गेला होता आणि कान टोपीखाली. मी मुलाला समोर बसवलं आणि कान त्याचा बघून काढला. आजींना कच्चं स्केच दाखवलं तर म्हणाल्या, टोपी सरळ कशी, ते उजवीकडं कलती घालायचे. टोपी कलती केली आणि आजींनी कागद हातातून खाली ठेवला नाही. मला नोकरीत असा दिवस कधी येत नाही.

ज्याला यात रस आहे त्यानंच ही कामं घ्यावीत. ताईंनी नाही म्हटलं तर बरोबरच आहे. मनापासून नसलं की चेहरा उतरतो पण माणूस येत नाही, आणि "आमच्या बाबांसारखे दिसत नाहीत" हे ऐकणं फार जड जातं.

कलम सतरा :
दोन कायद्याच्या गोष्टी, वकिली करतो म्हणून.

पहिली, तो इंटरनेटवरचा फोटो. फोटो काढणाऱ्याचा त्यावर हक्क असतो. त्यावरून हुबेहूब चित्र करून विकलं तर अडचण डॉक्टरांची नाही, तुमची. वेरूळला स्वतः जाऊन फोटो काढा. तिथली लेणी मंगळवारी बंद असतात, तुम्ही रविवारी जाणार म्हणजे प्रश्न नाही. लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी गेलात तर समोरची बाजू सावलीत मिळेल. दुपार कलल्यावर जा.

दुसरी बऱ्याच चित्रकारांना कळते ती भांडण झाल्यावर. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात चित्राचा पहिला मालक चित्रकार, हा सर्वसाधारण नियम आहे. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे : कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल, आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइट ऑर्डर देणाऱ्याचा होतो. म्हणजे काही न लिहिता तीन कॅनव्हास दिलेत आणि उद्या हॉस्पिटलच्या कॅलेंडरवर, फायलींवर, पिशव्यांवर तुमचं कापसाचं रान छापून आलं तर तुम्हाला काही म्हणता येणार नाही. उलट तुम्हीच त्याची प्रिंट काढून विकायला गेलात तर ते अडवू शकतात. एक ओळ लिहून घ्या : मूळ चित्र डॉक्टरांचं, कॉपीराइट चित्रकाराकडे, छपाईसाठी वापरायचं तर वेगळी परवानगी. ई-मेलवर "मान्य" असं उत्तर आलं तरी हातात पुरावा राहतो.

दुधनाकाठ :
हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

तालुका कार्यालय :
कंपनीचं काय, ते कुणी लिहिलं नाही म्हणून. खाजगी नोकरीत सगळं नेमणूकपत्रावर अवलंबून. "कंपनीच्या परवानगीशिवाय अन्य व्यवसाय करणार नाही" अशी ओळ बहुतेक पत्रांत असते. ती असेल तर एचआरला दोन ओळींचं ई-मेल टाका : सुट्टीत आणि कामाच्या वेळेबाहेर चित्रं काढून देते, कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नाही. लेखी होकार घ्या आणि जपून ठेवा. ऑफिसातल्याच लोकांची पोर्ट्रेटं काढणार असाल तर हे आधी करा, कारण बातमी तिथूनच फुटते.

माझ्यासारखे राज्य शासनाचे कर्मचारी वाचत असतील तर त्यांच्यासाठी : महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे पूर्वमंजुरीशिवाय व्यापारधंदा करता येत नाही. वाङ्मय, कला, विज्ञान या स्वरूपाचं प्रासंगिक काम मात्र करता येतं, सरकारी कामावर परिणाम होत नसेल तर. जोर "प्रासंगिक"वर आहे. वर्षाकाठी एखादं चित्र वेगळं आणि इन्स्टाग्रामवर दरपत्रक लावून महिन्याला ऑर्डरी घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारासाठी मंजुरी मागाच.

हिशोबनीस :
टॅक्स. ऑर्डरीचे पैसे यूपीआयनं येवोत की रोख, उत्पन्न दाखवायचंच. पगारासोबत व्यवसायाचं उत्पन्न आलं की आयटीआर-१ हा रिटर्नचा साधा फॉर्म चालत नाही, ३ किंवा ४ भरावा लागतो. कॅनव्हास, रंग, ब्रश, त्या ट्यूबलाइटचीसुद्धा बिलं ठेवा. आणखी एक मुद्दा पगारदारांच्या लक्षात राहत नाही : नुसता पगार असेल तर नवी की जुनी करप्रणाली हे दरवर्षी निवडता येतं. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर अशी ये-जा करता येत नाही. तुम्ही घराच्या हप्त्यासाठी जुन्या प्रणालीत असाल तर वर्षाच्या सुरुवातीलाच सीएकडे बसून दोन्ही गणितं मांडून घ्या. जीएसटीची धास्ती नको, सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे.

रंगपेटी :
तैलरंगात करायचा विचार असेल तर सोडून द्या. दसऱ्यापर्यंत वरून कोरडं दिसेल, पण आत ओलंच असेल, वॉर्निशला काही महिने थांबावं लागतं. ॲक्रिलिक घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते पॅलेटवरच सुकतं, पाण्याचा फवारा हाताशी ठेवा आणि थोडा थोडा रंग काढा. जूनच्या पावसानंतर सुधारतं.

कोरा कॅनव्हास :
सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलंत. काल रात्री बसून ठरवलं आणि डॉक्टरांना ई-मेलही केलं.

दसऱ्याला दोन कॅनव्हास, कापूस आणि गोदाकाठ. कैलास दिवाळीनंतर, मी स्वतः जाऊन काढलेल्या फोटोंवरून, आणि तो "हुबेहूब" नसेल. प्रत्येकी अकरा हजार, फ्रेम आणि गाडी त्यांची. हा रेट इथल्या दोन पूर्णवेळ चित्रकारांना विचारून लावला, त्यांच्या खाली नाही. निम्मे आधी, ते परत मिळणार नाहीत. पेन्सिलचं रेखाटन दाखवीन, त्यात दोनदा बदल चालतील, रंग चढल्यावर बदल सांगितला तर वेगळे पैसे. सही, नावाची पट्टी, कॉपीराइट माझ्याकडे. एचआरलाही लिहिलंय, उत्तर यायचंय. ते आल्यावरच ॲडव्हान्स घेईन.

रविवारची सकाळ मी एक आड एक अशी वाटून ठेवलीय. एक रविवार डॉक्टरांचा, एक माझा. माजलगावच्या ताई, त्यामुळं तुमचे दहा आठवडे आणखी ताणतील, म्हणूनच तिसरं चित्र पुढं ढकललं. डॉक्टर नाही म्हणाले तर कापसाचं रान तरी काढणारच आहे, ते कुणासाठी अडून नाही.

ऑफिसातल्या पोर्ट्रेटला नाही सांगितलं. बोर्डवाला दादा, त्यातल्या दोघांना तुमचा नंबर दिला तर चालेल का?

माजलगावची सून :
एक आड रविवार, हे फार आवडलं. घरात तो रविवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा, नाहीतर पाहुणे येतात.

कलम सतरा :
ई-मेलमध्ये एक भर घाला. डॉक्टरांनी काम मध्येच रद्द केलं तर तोवरचं चित्र तुमच्याकडे राहील आणि ते दुसऱ्याला विकायची मोकळीक असेल.

बोर्डवाला पेंटर :
नंबर द्या ताई, इथं नको, निरोपातून पाठवतो. त्यांना एवढंच सांगा की फोटो व्हॉट्सॲपवर नुसता टाकू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. न्हाईतर दाबून येतो आन् डोळ्यातलं काहीच दिसत न्हाई. जुना कागदाचा फोटो असंल तर खिडकीपाशी उजेडात ठेवून, फ्लॅश बंद करून काढा. आन् माणूस हयात असंल तर दोन फोटो पाठवा, एक हसतानाचा.